बिनफोडणीचा चौरंग

हे सगळं तुमच्यामुळं झालंय.

तुम्ही कोण ते आम्हाला माहीत नाही, कारण परिपत्रकाच्या तळाला तुमची सही म्हणजे नुसता दोऱ्याचा गुंता आहे आणि गुंत्याखालचा शिक्का निम्माच उठलाय. पण तुम्ही आहात. कुठल्यातरी गार खोलीत, काचेच्या टेबलामागं बसून तुम्ही लिहिलंत : ‘अलंकृत लाखकाम फर्निचर – वस्तूवरील झिलई कठीण, पारदर्शक व टिकाऊ असावी.’ लिहिलंत आणि चहा प्यायला गेलात. कठीण म्हणजे किती कठीण? सुपारीएवढी, विटेएवढी, का तुमच्या काळजाएवढी? ते लिहायला शाई पुरली नाही. त्या तीन शब्दांपायी इकडं मंगळवार पेठेत एका घरात नऊ दिवस फोडणी पडली नाही, एक जिवंत बाई मेली, आणि एक माणूस या घडीला तुमच्या कचेरीत अंगठा दाबून उभा आहे. तेव्हा पंखा बारीक करा आणि ऐका.

माणसाचं नाव जोतीराम. पाटबंधारे खात्यातनं दोन वर्षांमागं निवृत्त झाला. निवृत्त माणसं फिरायला जातात, नाहीतर गुडघे दुखवून घेतात. जोतीरामनं रंग घेतले. सावंतवाडीला एका लग्नाला गेलता, तिथं लाखकामाचे रंगीत पाट बघितले आणि आल्या आल्या चौरंग करायला घेतला. शिकवायला कोण नाही. चुकत चुकत शिकला. चौरंगावर पानाफुलांची किनार सगळेच काढतात. ह्यानं मधोमध साठमारी काढली. दोन हत्ती सोंडेला सोंड लावून भिडलेत, मधनं हत्ती खेळवणारा एक साठमार धोतराचा सोगा धरून जिवाच्या आकांतानं पळतोय. हत्तीच्या डोळ्यात राग असा, की बघणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं.

हा चौरंग मागल्या वर्षी तुमच्या प्रदर्शनाला आला आणि चिठ्ठी घेऊन परत गेला. ‘झिलई मऊ. नखाने ओरखडा उठतो. कारागीर विभागास अपात्र. हौशी विभागात विचार व्हावा.’

आता तुम्ही बाहेरगावचे असाल, म्हणून सांगतो. कोल्हापुरात माणसाला आळशी म्हणा, चिकट म्हणा, चालतं. हौशी म्हणायचं नाही. हौशी म्हणजे दुसऱ्याच्या वरातीत स्वतःहून हलगी मागून घेणारा. हौशी म्हणजे लंगोट कधी न बांधता आखाड्याबाहेर उभा राहून पैलवानाला डाव सांगणारा. चिठ्ठी आली सकाळी आणि दुपारी शेजारच्या हंबीररावांनी गॅलरीतनं हाक मारली, “काय हौशी! भाजी आणाय निघालाय व्हय?”

जोतीराम तसाच पिशवी घेऊन घरात फिरला. बायकोला, शालूबाईला म्हणाला, “ह्या वर्षी कारागीर म्हणून लेबल लावून दाखवीन. न्हायतर ब्रश पंचगंगेत.”

“ब्रश टाका,” शालूबाई म्हणाल्या, “पण भाजी आणा आधी.”

माणूस सरळ, खात्यात वाढलेला. म्हणून आधी त्यानं रीतसर अर्ज केला, ‘कठीणपणाचे प्रमाण कळावे, ही विनंती.’ सत्तावीस दिवसांनी तुमचं उत्तर आलं, ‘सदर बाबतीत परिपत्रक पाहावे.’ सोबत परिपत्रकाची झेरॉक्स. तिच्यात नेमकी ती ओळ काळी आलेली. ती ओळ जोतीरामला तशीही पाठ होती म्हणा. आपली शाळेतली प्रार्थना विसरला असेल, पण ती ओळ नाही.

मग तो कामाला लागला आणि पेठ सल्ल्याला लागली.

पहिला प्रयोग जुन्या पद्धतीचा. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्यानं हात द्यायचे. सहा हात दिले. चौरंग असा उजळला, की जोतीराम त्याच्याभोवती तीनदा फिरला, देवळात फिरतात तसा. पण आषाढ होता. हवा अशी ओली, की मिठाची बरणी रडत होती. सकाळी उठून बघतो तर लाखेवर पांढरी साय धरलेली. दोन्ही हत्ती धुक्यात. साठमार तर दिसेचना, नुसतं पळणारं धोतर. तरी म्हटलं, कठीण झाली का बघू. शालूबाईंनी तांबड्या रश्श्याचं पातेलं वर ठेवलं. उचललं तर हत्तीच्या पाठीवर पांढरं कडं. जोतीरामनं तो रस्सा खाल्ला आणि दोन दिवस खरवडत बसला.

दुसरा प्रयोग हंबीररावांचा. हंबीररावांनी चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या कारखान्यांत काढलेली. आपण इंजिनापासून विमानापर्यंत काहीही दुरुस्त केलंय, असं ते सांगतात. विमान कुणी बघितलेलं नाही.

“येड्या, मोटारीवर मारत्यात ती क्लिअर मार की,” ते म्हणाले. “डबा एक, त्यात हार्डनर, आणि फवारा. गाडी ऊन खाती, पाऊस खाती, शिव्या खाती. टवका उडतो का? तुझा चौरंग का गाडीपेक्षा जास्त पळणार हाय?”

बोलणं बिनतोड होतं. चूक फक्त एकच. हत्ती नव्यानं रंगवून चारच दिवस झालेले, आणि खालचा ऑइलपेंट पोटातनं ओला. गॅरेजमध्ये फवारा सुटला, चौरंग काचेसारखा चमकला, हंबीररावांनी चहा सांगितला. चहा येईस्तोवर सगळा रंग फुगला, आक्रसला आणि दोन्ही हत्तींच्या अंगावर चुण्याच चुण्या.

हंबीररावांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“जोतीराम,” ते म्हणाले, “हत्तीला सुरकुत्या असत्यातच की.”

खरं सांगायचं तर हत्ती त्या दिवसाइतके खरे कधीच दिसले नव्हते. पण साठमारही सुरकुतला होता, किनारीची फुलंही, आणि जोतीरामचं तोंडही. पुन्हा खरवडणी. शालूबाईंना आता खरवडायचा आवाज आला नाही तर झोप लागत नव्हती.

तिसऱ्या खेपेला मात्र त्यानं कुणाचं ऐकलं नाही. हत्ती पुन्हा काढले आणि तीन आठवडे नुसते वाळू दिले. मग पातळ, अगदी पाण्यासारख्या वार्निशचा हात. वाळला की बारीक वॉटर पेपरनं पाण्यात घासायचा, पुन्हा हात. घाई नाही. आणि काय सांगू, जमायला लागलं! तिसऱ्या हातापासनं हत्ती काचेखाली उतरल्यासारखे दिसायला लागले. जोतीराम हरखून गेला. रस्त्यात भेटेल त्याला धरून सांगायचा, “तिसरा हात झाला!” लोक म्हणायचे, “देव बरं करील.”

पण एक घोटाळा. मधूनच हातावर बारीक खड्डे उठायचे, देवीच्या व्रणासारखे. का उठतात? जोतीरामनं पाटबंधारे खात्याची जुनी डायरी काढली आणि नोंदी घातल्या. वार, वेळ, वारा, पाऊस. तीन आठवड्यांच्या नोंदी पुढं ठेवून बसला आणि एकदम ओरडला, “रविवार!”

“काय रविवार?” शालूबाई दचकल्या.

“खड्डं रविवारीच उठत्यात! रविवारी घरात काय असतंय?”

“मटण.”

“आणि मटणाला काय असती?”

शालूबाईंचा चेहरा उतरला. त्यांना पुढचं दिसलं.

फोडणी. कढईतनं तेलाचा धूर उठतो, घरभर तरंगतो आणि ओल्या वार्निशवर जाऊन बसतो. जिथं तेलाचा कण, तिथनं वार्निश सरकतं आणि खड्डा पडतो. तुमच्या कचेरीत एवढा शोध कुणी लावला असता तर त्याला बढती मिळाली असती. इथं जोतीरामची बायको राहते की जाते, अशी पाळी आली. कारण त्यानं जाहीर केलं : शेवटचे हात पुरे होईस्तोवर, अकरा दिवस, घरात फोडणी बंद.

कोल्हापुरात. अकरा दिवस. मटण नाही, रस्सा नाही, कांद्याची फोडणी नाही. उकडलेलं आणि भाकरी.

तेवढ्यावर भागलं नाही. धूळ बसू नये म्हणून चौरंग पलंगावर ठेवला, वर मच्छरदाणी सोडली, ओल्या हाताला न चिकटेल अशा बेतानं चार काठ्या रोवून पांढरं मलमल अंथरलं. नवरा-बायको खाली सतरंजीवर. पंखा बंद, टीव्ही बंद (का बंद ते जोतीरामलाच ठाऊक), दार पुढं केलेलं. शर्टाचे तंतू उडतात म्हणून हा उघडाबंब. दाढी करायला बाहेर कोण जातो, म्हणून दाढी वाढलेली. शालूबाईंना विचारलं, “काय चाललंय हो?” तर त्या वैतागून एवढंच म्हणायच्या, “काय बोलायचं न्हाय बघा. नशीब.”

आता मला सांगा. ज्या घरात फोडणीचा वास नाही, माणसं भुईवर निजतात, बाप्याची दाढी वाढलेली, पलंगावर पांढरं झाकलेलं, त्या घरात काय झालेलं असतं? शेंबडं पोर सांगेल. सुतक.

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बाईनं झाकलेल्या टोपल्यातनं पिठलं-भाकरी आणली, दारात ठेवली आणि डोळ्याला पदर लावून निघून गेली. शालूबाईंना वाटलं, आपल्या हालाची कुणालातरी दया आली. त्यांनी पोटभर खाल्लं. पाचव्या दिवशी दोन घरांतनं आलं. सहाव्या दिवशी पाच. पेठेनं एकमेकांत ठरवूनही टाकलं होतं, कोण गेलं ते. जोतीरामची थोरली बहीण, बिद्रीची आक्का. वय ऐंशी. दुसरं कोण जाणार? बिचारीनं माघारी एवढी माया ठेवली, की भाऊ अन्न गोड करून खात नाही.

नवव्या दिवशी शेवटचा हात होता. सगळ्यांत पातळ, सगळ्यांत नाजूक. जोतीरामनं भुई ओल्या फडक्यानं पुसली, श्वास धरला आणि एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत ब्रश ओढला. असा हात आयुष्यात पडला नव्हता. ताज्या पाण्यासारखा. तो मागं सरून बघतोय, डोळ्यांत पाणी आलंय, तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि पेठेचा निरोप पोचलेली मलकापूरची पाहुणेमंडळी आत. सोळा माणसं. बायकांनी उंबऱ्यातच हंबरडा फोडला, “आक्काऽऽ, अशी कशी गेलीस गंऽऽ!”

“दार लावाऽऽ!” जोतीराम अर्धवट मलमल-मच्छरदाणी ओढत त्याहून मोठ्यानं ओरडला. “धूळ येती! पाय आपटू नका! रडा, पण हलू नका!”

“डोक्यावर परिणाम झालाय,” हंबीरराव हळूच म्हणाले. ते पाहुण्यांना रस्ता दाखवायला आले होते. “लई जीव होता दोघांचा.”

पाहुणे आत शिरले. पेठ मागनं शिरली. सतरंजी गोळा झाली, मच्छरदाणी हलली, कुणीतरी पंखा लावला. आणि ह्या सगळ्या गोंधळात दाराशी रिक्षा थांबली आणि तिच्यातनं स्वतः आक्का उतरली. छाती बडवत. तिला बिद्रीत निरोप गेला होता, जोतीरामच्या घरात माणूस गेलंय. कोण ते निरोप्याला माहीत नव्हतं.

“कोण गेलं रंऽऽ? माझ्या भावाच्या घरात कोण गेलं?”

रडणं एकदम थांबलं. मलकापूरच्या बायका भिंतीला चिकटल्या. शेवटी हंबीरराव पुढं झाले. कसल्याही प्रसंगी पुढं व्हायची त्यांना सवय.

“तुम्हीच की आक्का,” ते म्हणाले.

आक्कानं त्यांच्याकडं बघितलं. मग जमलेल्या माणसांकडं, पिठल्याच्या टोपल्यांकडं आणि पलंगाकडं. पुढं होऊन तिनं मच्छरदाणी वर केली, मलमल उचललं.

“ह्याच्यात मी हाय?” ती म्हणाली. “हा तर पाट हाय.”

“चौरंग, आक्का,” जोतीराम म्हणाला. ओल्या झिलईवर पंख्यानं उडवलेली धूळ, मच्छरदाणीचे तंतू आणि मलकापूरच्या एसटीची वाटभरची माती, सगळं शांतपणे बसलं होतं. अकरातला नववा दिवस. तो पलंगाच्या कडेला टेकला आणि हुंदका देऊन रडला. तेव्हा कुठं जमलेल्या लोकांना बरं वाटलं. आलेलं काही फुकट गेलं नाही.

“रडतुयास कशाला मेल्या? जित्ती हाय न्हवं मी!” आक्का कडाडली. “शालू, कढई चढीव! आधी फोडणी दे. माझा दहावा ह्या असल्या पिठल्यावर? वास तरी येऊ दे घराला माणसांचा!”

फोडणी पडली. मंगळवार पेठेत त्या वासानं दोन म्हातारे शेजारच्या गल्लीतनं चालत आले म्हणतात.

जेवणं झाली आणि सगळ्यांत शेवटी पिराजी वस्ताद पलंगापाशी आले. एकेकाळचे नावाजलेले मल्ल, आता तालमीत पोरांची मालिश करतात. पंजा सुपाएवढा. त्यांनी हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं.

“कचरा वरल्या वर हाय,” ते म्हणाले. “आत गेला न्हाय. पंधरा दिवस ह्याला हात लावायचा न्हाय. चांगला हाडात वाळू दे. मग घासून घे आणि माझ्याकडं आण.”

“वस्ताद, हा लाकडाचा हाय,” जोतीराम नाक पुसत म्हणाला. “मालिश काय करणार?”

“पैलवान तरी कशाचा असतोय?”

पंधरा दिवसांनी जोतीरामनं वॉटर पेपरनं कचरा उतरवला. झिलई सपाट झाली, पण धुरकट, मेण लावल्यासारखी. चमक कशानं आणायची? हुपरीला त्याच्या ओळखीचं एक घर आहे, पैंजणं करतं. तिथं चांदी उजळायची पावडर असते, बोटाला कळत नाही इतकी मऊ. ती पुडीभर आणली. वस्तादांनी तालमीच्या ओट्यावर मांडी घातली, चौरंग पुढ्यात घेतला, तळव्यावर दोन थेंब तेल, चिमूट पावडर, आणि सुरू. फडकं नाही, यंत्र नाही, नुसता तळवा. गोल गोल, दाब कमी, दाब जास्त. लाकूड गरम लागलं की थांबायचे. “दम खाऊ दे त्याला,” म्हणायचे. तालमीतली पोरं जोर मारायचं सोडून बघत उभी. हंबीरराव डाव सांगत होते, “डावा कोपरा घ्या वस्ताद, डावा!”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तादांनी मऊ कापडानं तेल टिपलं आणि हात बाजूला केला.

वर झिलई आहे असं वाटतच नव्हतं. हत्ती होते, त्यांचा राग होता, साठमाराच्या कपाळावरचा घामाचा थेंब, जो जोतीराम स्वतः विसरला होता, तोही होता, आणि त्या सगळ्यावर आभाळ उतरलेलं होतं, तालमीच्या कौलांसकट. आक्का वाकली, तिला आपलं तोंड दिसलं, तिनं पदर सारखा केला. मग परीक्षा सुरू झाली. उकळता रस्सा ठेवला, उचलला, काही नाही. लिंबू पिळलं, काही नाही. शालूबाईंनी पाटल्या घासल्या, आक्कानं अडकित्ता आपटला. काही नाही! पोरांनी शिट्ट्या घातल्या. हंबीररावांनी जोतीरामला उचलून धरलं, कंबर धरली, खाली ठेवलं आणि म्हणाले, “कारागीर हाईस लेका तू!” गॅलरीतनं नव्हे. समोर उभं राहून, सगळ्यांदेखत.

आणि काल सकाळी अकरा वाजता तो चौरंग तुमच्या कचेरीत आला.

खिडकीत मोना नावाची मुलगी बसते. कंत्राटी आहे, भली आहे. तिनं चौरंग बघितला, “अय्या!” म्हणाली आणि अर्जावर लगेच ‘कारागीर विभाग’ लिहिलं. जोतीरामनं ते दोन शब्द उलटे, खिडकीच्या बाहेरनं वाचले. मग तिनं नंबरचं कागदी लेबल काढलं, मागं सरकारी डिंक लावला आणि चौरंगाच्या कडेवर चिकटवलं.

लेबल घसरलं. सावकाश, एखाद्या साहेबासारखं खाली उतरलं आणि फरशीवर जाऊन पडलं.

पुन्हा लावलं, पुन्हा उतरलं. जास्त डिंक लावला, तर जास्त ऐटीत उतरलं. चिकटपट्टी लावली, तीही टोकानं उचलून आली. वस्तादांच्या तळव्याखालनं गेलेल्या वस्तूवर सरकार टिकेना.

“बुडाला लाव की पोरी,” संगती आलेले हंबीरराव म्हणाले.

“काका, नियम आहे. लेबल दर्शनी भागावर चिकटवलेलं पाहिजे. तसा फोटो चढवायचाय.”

“मग दोऱ्यानं बांध.”

मोनानं परिपत्रक उलटलं, खालची ओळ वाचली आणि तिचा आवाज बारीक झाला. “दोऱ्यानं फक्त हौशी विभागात चालतं.”

कुणीतरी शिपाई म्हणाला, तेवढ्या जागी काचपेपर मारा, खरखरीत करा, बसेल. हत्तीच्या कपाळाएवढीच जागा लागती. जोतीरामनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो फाइल घेऊन निघून गेला.

मग जोतीरामनं लेबल उचललं. डिंक लावला, कडेवर ठेवलं आणि वर अंगठा दाबला. लेबल बसलं.

“आता काढ फोटो.”

“काका, अंगठा काढा ना.”

“अंगठा काढला की पडतंय. साहेबास्नी बोलीव. बघू दे, चिकटलंय का न्हाय.”

“साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

“मग हाय मी.”

साडेपाचला कचेरी बंद करायची वेळ झाली, तेव्हा वॉचमननं चौरंगासकट त्याला व्हरांड्यात आणलं. अंगठा जागेवर. सहा वाजता हंबीररावांनी आपला अंगठा सरकवला, मग वस्तादांनी. आज सकाळपासनं पेठेनं पाळ्या लावल्यात. तालमीची पोरं आली, कोपऱ्यावरची बाई आली, मलकापूरची मंडळी दुपारच्या गाडीनं येतायत. आक्का खुर्चीवर बसून आल्यागेल्याला सांगते, “मी मेलेली ती. अंगठा धरायचा का?” शालूबाईंनी डबा आणला, त्यात फोडणी घातलेली डाळ. आत्ता या घडीला पुन्हा जोतीरामची पाळी आहे. त्याचा अंगठा पांढरा पडलाय, पण दाढी केलेली आहे आणि मान ताठ आहे.

प्रवेश आज पाच वाजता बंद होतायत. पावणेचार झालेत. मोना दोनदा तुमच्या दारापर्यंत जाऊन परत आली. आतनं हसण्याचा आणि कपबशीचा आवाज येतोय, म्हणजे मीटिंग चालू आहे, हे आम्हाला मान्य.

एकदा बाहेर या. गुंत्याखाली एक नीट नाव लिहा. आणि ह्या माणसाच्या तोंडावर, सगळ्या पेठेदेखत सांगा : तो कारागीर हाय का न्हाय?